नेम धरताना थांबलेली थरथर

बारामतीतील एका रायफल क्लबने शनिवार-रविवार असे दोन दिवसांचे नेमबाजी शिबिर भरवले होते. प्रथमोपचारासाठी एक डॉक्टर जवळ असावा, म्हणून आयोजकांनी मला बोलावले. फार तर एखाद्याला चक्कर येईल, एखाद्याच्या बोटाला खरचटेल, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या शिबिरात मला माझीच एक चूक सापडली. ती चूक आणि तिच्यातून हाती लागलेली माहिती वयस्कर वाचकांपर्यंत व त्यांची काळजी घेणाऱ्यांपर्यंत पोहोचावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ज्यांची ही हकीकत आहे त्यांच्या संमतीनेच ती लिहीत आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याआधी अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांनी महाराष्ट्राचे नाव या खेळात जगभर नेले होते. त्यामुळे शिबिरात शाळकरी मुलामुलींची गर्दी असणे स्वाभाविकच होते. त्यांना सोडायला आलेले आजी-आजोबा मात्र भिंतीलगतच्या खुर्च्यांवर, पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसले होते. त्यांतच माझे एक जुने रुग्ण होते. इंदापूर तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ७१. पंचक्रोशी त्यांना गुरुजी म्हणते. मीही तेच म्हणतो. नववीतल्या नातीला घेऊन ते पहाटेच्या एसटीने आले होते.

आधीची तपासणी

पाच महिन्यांपूर्वी गुरुजी माझ्याकडे आले होते ते हाताच्या थरथरीची तक्रार घेऊन. “डॉक्टरसाहेब, चारचौघांत हात हलतो. लग्नाकार्याला जायचं बंद केलंय मी,” असे ते म्हणाले होते. मी त्यांना दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगितले. किंचित कंप दिसला. रक्तदाब थोडा वाढलेला होता. वयोमानानुसार होणारा हा साधा कंप आहे असे समजून मी त्यांना प्रोप्रॅनोलॉलची गोळी सुरू केली. अशा कंपावर ही गोळी दिली जाते आणि पुष्कळांना तिचा उपयोगही होतो. गुरुजींना झाला नाही. उलट थकवा वाढला. पुढच्या भेटीत त्यांनी ते सांगितले, तेव्हा मी म्हणालो, “वय झालं गुरुजी, थोडं चालायचंच.”

हे वाक्य डॉक्टरने वापरू नये. त्या वाक्यापाशी तपासणी थांबते.

दोन्ही भेटींत गुरुजी माझ्यासमोर टोपी हातात घट्ट धरून बसले होते, हे मला नंतर आठवले. मी त्यांचा हात पुढे केलेला पाहिला. मोकळा, मांडीवर विसावलेला हात मी पाहिलाच नाही.

स्थिर हात कोणाचाच नसतो

शिबिराच्या पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी मुलांच्या हाती रायफल देण्याआधी नियम दिले. नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने. नेम पूर्ण होईपर्यंत बोट चापावर नाही. हातातली रायफल भरलेली आहे असेच समजून वागायचे. त्यानंतर त्यांनी जे सांगितले, ते प्रत्येक ज्येष्ठाने ऐकावे असे होते. “रायफल हलणारच. जगज्जेत्याचीही हलते. तिला दाबून धरू नका. ती किती हलते ते बघा आणि त्या हलण्याच्या मधोमध चाप हळूच मागे घ्या.”

वैद्यकशास्त्रही हेच सांगते. धडधाकट माणसाचा हातही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा इतक्या सूक्ष्म गतीने कंप पावत असतो. श्वासाबरोबर छाती वर-खाली होते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा सूक्ष्म धक्का खांद्यापर्यंत पोहोचतो. कपभर कडक चहा, उपाशी पोट, अपुरी झोप, भीती, राग यांपैकी कशानेही हा कंप वाढतो. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप आणि थायरॉइडचा अतिरेकी स्राव यांनीही तो वाढतो. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणून एरवी डोळ्यांना न दिसणारा कंप कागदावरच्या छिद्रांत स्पष्ट उमटतो.

त्यावर नेमबाज जे उपाय करतात, त्यांत ताकदीचा भाग थोडा. शरीराचा भार स्नायूंऐवजी हाडांच्या सांगाड्यावर सोडायचा. श्वास ताणून धरायचा नाही. तो सहज सोडल्यावर पुढचा श्वास घेण्याआधी जी नैसर्गिक विश्रांती असते, तेवढ्यात नेम साधायचा. सहा-आठ सेकंदांत चाप ओढला गेला नाही, तर रायफल खाली ठेवायची, दोन श्वास घ्यायचे आणि पुन्हा सुरुवात करायची. “न मारलेला नेम हा चुकलेला नेम नव्हे,” असे प्रशिक्षक मुलांना वारंवार बजावत होते.

नातीने पाहिलेली गोष्ट

रविवारी दुपारी मुलांची फेरी संपली. प्रशिक्षकांनी खुर्च्यांवरच्या मंडळींकडे वळून विचारले, “आजोबा, कोणी हात चालवणार का?” सगळे हसले. तेव्हा त्यांनी उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर यांची गोष्ट सांगितली. नातीला नेमबाजी शिकवायला घेऊन गेलेल्या या आजींनी वयाच्या पासष्टीत स्वतः पिस्तूल हाती घेतले आणि पुढे अनेक स्पर्धा गाजवल्या. त्यांच्यावर व त्यांच्या जाऊबाई प्रकाशी तोमर यांच्यावर २०१९ मध्ये हिंदी चित्रपटही निघाला. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी तर १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ७२ व्या वर्षी नेमबाजीत रौप्यपदक मिळवले होते. गोष्ट संपेपर्यंत नातीने गुरुजींच्या हातातली टोपी काढून घेतली होती.

त्यांना टेबलाशी बसवले. वाळूच्या पिशवीवर टेकवलेली एअर रायफल समोर ठेवली. मी थोडा धास्तावलोच. थरथरत्या हातात रायफल, म्हणून अगदी शेजारी जाऊन उभा राहिलो. गुरुजींनी छर्रा उचलला, भरला, गाल दस्त्याला टेकवला. हात शांत होता. पहिला छर्रा सहाच्या वर्तुळात, दुसरा आठच्या. मात्र एकदा ते नेम धरून रेंगाळले, तेव्हा आठ-दहा सेकंदांनी उजवा हात पुन्हा हलू लागला. प्रशिक्षक म्हणाले, “खाली ठेवा, परत धरा.” परत धरल्यावर हात पुन्हा शांत.

दहा छर्रे झाल्यावर गुरुजींनी सवयीप्रमाणे खिशातली वही काढून गुण मांडले. नात माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “डॉक्टरकाका, एक विचारू? आबांचा हात बंदूक धरल्यावर हलत नाही, आणि नुसते बसले की हलतो. असं उलटं कसं? आणि छर्रा हातात नसतानासुद्धा ते छर्रा चोळल्यासारखं करतात, ते बघा.”

मी पाहिले. उजवा हात मांडीवर विसावला होता आणि अंगठा तर्जनीवर संथ लयीत फिरत होता. मी वही मागून घेतली. एके काळी फळ्यावर टपोरे अक्षर गिरवून घेणाऱ्या गुरुजींचे अक्षर ओळीच्या सुरुवातीला ठीक होते आणि ओळीच्या शेवटाकडे मुंगीएवढे झाले होते.

वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकलेली ही लक्षणे पार्किन्सन आजाराची आहेत. माझ्या तपासणीच्या खोलीत ती माझ्या नजरेतून निसटली होती. चौदा वर्षांच्या मुलीने मात्र ती अचूक टिपली, कारण तिने आपल्या आबांना काम करताना आणि काम संपल्यावरही पाहिले होते.

दोन कंपांतला फरक

वाचकहो, हा फरक आपण समजून घ्यावा. ज्येष्ठांमध्ये सर्वाधिक आढळणारा कंप हा काम करताना दिसतो. कप तोंडाशी नेताना चहा हिंदकळतो, सही करताना पेन थरथरते, सुईत दोरा जात नाही. हात स्वस्थ ठेवला की तो थांबतो. बहुधा दोन्ही हातांत असतो आणि पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. प्रोप्रॅनोलॉलचा उपयोग होतो तो याच कंपाला.

पार्किन्सनचा कंप याच्या उलट वागतो. हात विसावलेला असताना तो दिसतो, काहीतरी करायला घेतले की कमी होतो. त्याची गती संथ, सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा. सुरुवात बहुधा एकाच बाजूने होते. हात एका जागी धरून ठेवला, तर काही सेकंदांच्या विश्रांतीनंतर तो परततो. गुरुजी नेम धरून रेंगाळले तेव्हा नेमके हेच घडले. समोर धरलेल्या हातात मला जो किंचित कंप दिसला होता, तोही हाच परतलेला कंप असावा.

पण पार्किन्सन म्हणजे केवळ कंप नव्हे; काही रुग्णांना तर कंप नसतोच. मुख्य लक्षण म्हणजे हालचालींतील मंदपणा आणि त्याच्या जोडीला स्नायूंचा ताठरपणा. सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो, अंथरुणात कूस वळवणे जड जाते, आवाज बारीक होतो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात आणि घरच्यांना वाटते की आजोबा रुसले आहेत. त्या आठवड्यात मी गुरुजींच्या घरच्यांना बोलावून सविस्तर विचारले. सून म्हणाली, “मामांना वासच येत नाही. फोडणी करपली तरी कळत नाही, दोन-तीन वर्षं झाली.” काकूंनी सांगितले, की झोपेत ते हातपाय झाडतात, ओरडतात. बद्धकोष्ठ जुनेच होते. मुलाला आठवले, की दरवर्षी तुकोबांच्या पालखीबरोबर काटेवाडीपासून इंदापूरपर्यंत रमतगमत पण न चुकता चालणारे गुरुजी गेल्या आषाढात मागे पडत होते आणि चालताना त्यांचा उजवा हात हलत नव्हता, नुसता लोंबत होता. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. ते तुकडे एकत्र मांडायला कोणी सांगितले नव्हते, आणि ते काम माझे होते.

पुढे काय केले

सर्वप्रथम घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगितली. याचे कारण महत्त्वाचे आहे. काही औषधांमुळेही हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणे उद्भवतात. ॲसिडिटीच्या काही मिश्र गोळ्यांमध्ये असलेले लेवोसल्पिराइड, उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, चक्करेसाठी महिनोन्‌महिने घेतले जाणारे सिनारिझिन व फ्लुनारिझिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधे यांत मोडतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने असे औषध बंद केल्यावर लक्षणे बहुधा ओसरतात, कधी त्याला काही महिने लागतात. त्यामुळे जुन्या चिठ्ठीवर तीच गोळी वर्षानुवर्षे आणणे टाळावे. गुरुजींच्या पिशवीत असे काही निघाले नाही.

पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून निदान पक्के केले. हे निदान प्रामुख्याने प्रत्यक्ष तपासणीवर होते. साध्या रक्तचाचणीत ते दिसत नाही. प्रोप्रॅनोलॉल मी एकदम न थांबवता टप्प्याटप्प्याने बंद केले आणि रक्तदाबासाठी दुसरे औषध दिले. लेवोडोपाची गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बटणे लावणे सोपे झाले, चालण्यातला जडपणा कमी झाला. आजार समूळ बरा होत नाही, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही. पण योग्य औषध, ठरल्या वेळी घेतलेली गोळी आणि रोजचा व्यायाम यांच्या आधारे अनेक वर्षे चांगली काढता येतात, हेही तितकेच खरे आहे. या औषधाला वेळेचे बंधन असते. प्रथिनांचे जेवण आणि गोळी एकत्र आल्यास परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून जेवणाआधी किती वेळ घ्यायची, हे आपल्या डॉक्टरांकडून नेमके विचारून घ्यावे आणि गोळी स्वतःहून कधीही थांबवू नये.

माझी चूक मी गुरुजींजवळ कबूल केली. ते म्हणाले, “गणित चुकलं तर पोरांना आम्ही पुन्हा मांडायला लावायचो. तुम्ही मांडलंत, झालं.”

आपल्यालाही हा खेळ करून पाहायचा असेल तर

नेमबाजी हा पार्किन्सनवरचा किंवा अन्य कोणत्याही आजारावरचा उपचार नाही. चालणे, ताकदीचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम यांची जागा ती घेऊ शकत नाही. पण एकाग्रता, श्वासावरचे लक्ष आणि नातवंडांच्या बरोबरीने काही शिकण्याचा आनंद ती निश्चित देते. शिबिरात भाग घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

बसूनच सुरुवात करावी. १० मीटर रायफलच्या उभ्या पवित्र्यात कमरेला मागे व बाजूला बाक द्यावा लागतो आणि स्पर्धेची रायफल साडेपाच किलोपर्यंत जड असू शकते. मणक्यांची झीज किंवा हाडांची ठिसूळता असलेल्यांना तो पवित्रा मानवत नाही. खुर्ची व आधार घेण्यात कमीपणा नाही. दिव्यांगांच्या नेमबाजीत काही गटांमध्ये रायफलला स्टँडचा आधार नियमानेच दिला जातो.

डोळे तपासून घ्यावेत. मोतीबिंदू असल्यास प्रकाशाभोवती वलये दिसतात. चाळिशीनंतर जवळचे धूसर होत असले, तरी एअर रायफलच्या मागील बारीक छिद्रातून पाहताना प्रतिमा बरीच सुस्पष्ट दिसते; नेत्रतज्ज्ञ पुठ्ठ्याच्या बारीक छिद्रातून पाहायला सांगतात, तेच तत्त्व येथे लागू पडते. दुसरा डोळा मिचकावून न धरता त्यापुढे पट्टी लावावी.

श्वास कोंडून जोर करू नये. त्याने रक्तदाब चढतो. छातीत दुखणे, धाप किंवा अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

रक्तदाबाची गोळी त्या दिवशी टाळू नये. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल ही औषधे हृदयाची गती व हाताचा कंप कमी करतात. म्हणून अधिकृत नेमबाजी स्पर्धांत त्यांना बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू यांची दोन पदके प्रोप्रॅनोलॉल आढळल्याने काढून घेतली गेली. पण आपण पदकासाठी जात नाही. ही गोळी अचानक बंद केल्यास हृदयाला धोका संभवतो. स्पर्धेत उतरायचेच असेल, तर आधी डॉक्टरांशी व क्रीडा संघटनेशी बोलावे.

कान व हात सांभाळावेत. पॉइंट टू-टू रायफलचा आवाज कानाला इजा करण्याइतका मोठा असतो, त्यामुळे कानांवर संरक्षक आवरण हवेच. छर्रे शिशाचे असतात. ते तोंडात धरू नयेत आणि साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

घरातल्या बंदुकीविषयी

आपल्या भागात वस्तीवरच्या काही घरांत परवान्याची बंदूक असते. क्लबची रायफल क्लबच्या कुलपात, प्रशिक्षकांच्या नजरेखाली राहते. घरातल्या बंदुकीचे तसे नसते. पार्किन्सनमध्ये औदासीन्य येऊ शकते. आजार वाढल्यावर, कधी औषधांमुळेही, भास होऊ शकतात. स्मृतिभ्रंशात ओळखीची माणसे परकी वाटतात. ज्या घरात असा रुग्ण आहे किंवा जिथे कोणी “आता जगून काय करायचं” असे बोलू लागले आहे, त्या घरात बंदूक ठेवू नये. ती कायदेशीर मार्गाने जमा करण्याबाबत पोलीस ठाण्यात चौकशी करावी. म्हातारपणाची निरवानिरव म्हणून असे बोलणे हसण्यावारी नेऊ नये, डॉक्टरांना सांगावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

गुरुजींच्या घरात बंदूक नाही आणि त्यांनी ती घेऊही नये, असे आमचे ठरले आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी ते नातीबरोबर क्लबवर जातात, बसून दहा छर्रे मारतात. कधी हात ऐकतो, कधी ऐकत नाही. लग्नाकार्याला मात्र ते पुन्हा जाऊ लागले आहेत. कोणी हाताकडे पाहिले, तर आजाराचे नाव सांगून मोकळे होतात.

आपल्या घरातही वडीलधारी माणसे असतील. आज संध्याकाळी त्यांच्याबरोबर चहा घ्या. कप उचलताना हात कसा चालतो ते पाहा. आणि कप खाली ठेवल्यावर, हात मांडीवर विसावल्यावर, पुढचे अर्धा मिनिट त्या हाताकडे पाहा. जे दिसेल ते कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. डॉक्टर “वय झालं” म्हणाले, तर नम्रपणे पण ठामपणे सांगा, “वय झालंच आहे, तरीही एकदा हात मोकळा ठेवून पाहा.”